चाळणी तात्पुरती बंद

माणकापुरे मालकांच्या आईंचं पहिलं पुण्यस्मरण होतं. बेळगावपासून पाहुणे आलेले. मालकांनी हौसेने हॉलमधल्या टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि आपल्याच दैनिकाच्या वेबसाइटवरचं आईंचं स्मृतिपान सगळ्यांसमोर उघडलं. आईंचा फोटो क्षणभर दिसला, आणि त्या जागी पत्ते उधळत हसणारी एक बाई आली. 'आत्ताच खेळा, लाखो जिंका.' एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी फोटोला हात जोडले होते, ते तसेच राहिले म्हणे.

हे मला सव्वानऊला फोनवर कळलं आणि साडेदहाला मी सांगलीहून जयसिंगपुरात दैनिक 'पंचधारा'च्या कचेरीत पोचले. मार्चचा गुरुवार होता. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, पण त्या जिन्यातला छपाईच्या शाईचा वास अजून नाकात आहे.

मी तेव्हा शिरगुप्पे सरांच्या कंपनीत होते. पतपेढ्या, शाळा, एखादा कारखाना अशांच्या वेबसाइट आम्ही करायचो. 'पंचधारा'ची साइटही आमचीच, आणि तिच्यातला श्रद्धांजलीचा भाग मी एकटीने लिहिलेला. अशा भागाला प्लगइन म्हणतात. शिवणयंत्राला काज करायचा वेगळा पाय लावतात ना, तसा तो साइटला लावायचा. गेलेल्या माणसाचं पान तयार व्हायचं, खाली चौकट यायची, लोक त्यात दोन ओळी लिहायचे. साइटवर बातम्या कोण वाचत होतं देव जाणे, पण स्मृतिपानं मात्र दुबईपासून उघडली जायची.

लोकांनी पाठवलेले संदेश तपासून मंजूर करायचं काम इंदूताई हेरवाड्यांचं. बावीस वर्षं त्या तिथे अक्षरजुळणीला होत्या. बावन्न वय, एकट्या, आठव्या गल्लीत एका खोलीत राहायच्या. कोल्हापूरकडच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' बोलायच्या. मी गेले तेव्हा त्या कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मी कायतरी चुकीचं दाबलो असणार बघ," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, बघू तरी आधी. खुर्ची ओढून बसले. पहिल्या अर्ध्या तासातच सापडायला लागलं. बुधवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी साइटच्या सगळ्या पानांच्या माथ्यावर ती पत्तेवाली बाई बसवली होती, आणि साइट आपोआप ठेवते त्या नोंदवहीत ते करणाऱ्याचं नाव स्पष्ट होतं: इंदुमती हेरवाडे.

तीन वीसला त्या खालच्या मजल्यावर उद्याच्या जाहिराती जुळवत होत्या. सगळ्यांनी पाहिलं होतं. पण त्यांचा पासवर्ड टेबलामागच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलेला होता, तेही सगळ्यांनी पाहिलं होतं. मी फोनवर हे सांगितल्यावर शिरगुप्पे सर पाचच मिनिटांत निकालाला आले. "म्हणजे यांनीच कुणाला तरी दिला. मशीन चुकत नाही पद्मजा, माणूस चुकतो." हे त्यांचं आवडतं वाक्य. नवीन मुलांना ते पहिल्या दिवशी ऐकवायचे.

दुपारी मालक पुण्यस्मरणाच्या पंगती उरकून कचेरीत आले. आवाज चढवला नाही. शनिवारी अकरापर्यंत कंपनीचा लेखी रिपोर्ट पाहिजे म्हणाले. रिपोर्टात जर इंदूबाईंचं नाव आलं, तर त्या सोमवारपासून येणार नाहीत. त्या समोरच उभ्या होत्या. मालकांनी चष्मा पुसला आणि निघून गेले.

मग मी नोंदी सोडून संदेश बघायला घेतले. मालकांच्या आईंच्या पानाखाली बुधवारी सकाळी आलेला एक संदेश कोरा होता. वर नाव, खाली काही नाही. इंदूताईंनी तो तपासायला उघडला होता आणि कोरा बघून काढून टाकायचा म्हणून ठेवला होता. तो कोरा नव्हता. शाळेत गणितात 'पेक्षा लहान, पेक्षा मोठा' म्हणून शिकवतात ती दोन टोकदार चिन्हं असतात, त्यांच्या मधोमध लिहिलेला मजकूर ब्राउझर दाखवत बसत नाही, हुकूम समजून पाळतो. कुणीतरी श्रद्धांजलीच्या चौकटीत हुकूम लिहून ठेवला होता. जत्रेत पाळण्याजवळ एकदा हातावर शिक्का मारला की पुन्हा कुणी तिकीट विचारत नाही. इंदूताईंनी सकाळी पासवर्ड टाकून आत गेल्यावर त्यांनाही असाच एक शिक्का मिळाला होता. त्यांनी संदेश उघडला, त्यांच्या ब्राउझरने हुकूम पाळला आणि तो शिक्का गुपचूप बाहेर पाठवून दिला. त्यानंतर तो भामटा इंदूताई बनून फिरत होता. पासवर्ड त्याला कुणी दिलाही नव्हता, त्याला तो लागलाही नव्हता.

आता, असे हुकूम गाळून टाकायला मी प्लगइनमध्ये एक चाळणी ठेवलेली होती. ती काय करत होती ते बघायला मी माझाच जुना कोड उघडला. चाळणीच्या ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा होत्या. म्हणजे ती ओळ बंद. शेजारी माझ्याच हातचा शेरा: 'तात्पुरती बंद. प. आ.' आणि तारीख चार वर्षांपूर्वीची, जूनमधली.

मी पाणी प्यायले. इंदूताईंनी विचारलं, जेवलीस काय. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

तो जूनचा दिवस मला पक्का आठवत होता. 'पंचधारा'त सगळी जुळणी जुन्या फॉन्टमध्ये चालायची. पडद्यावर दिसायला मराठी, पण कॉम्प्युटरच्या पोटात सगळा चिवडा: इंग्रजी अक्षरं, आकडे, डोक्यावर टोप्या घातलेले परदेशी स्वर आणि वाटेल ती चिन्हं. त्या फॉन्टमध्ये 'श्र' काढायला जे बटण दाबायचं, त्याच्या पोटात नेमकं ते 'पेक्षा लहान'चं चिन्ह होतं. गावातल्या जुळणीच्या दुकानांतून संदेश यायचे ते याच फॉन्टमध्ये. माझ्या चाळणीला वाटायचं हुकूम सुरू झाला, की ती तिथून पुढचं सगळं कापायची. साइटवरचा प्रत्येक संदेश 'भावपूर्ण'वर येऊन थांबायचा. भावपूर्ण, आणि पुढे काही नाही.

लोकांनी पहिले आठ दिवस चालवून घेतलं. मग श्रीमतीबाई नावाच्या कुणा आजींच्या दहाव्याला त्यांची मुलं, सुना, नातू असे सात जण इंदूताईंच्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले. पानावर आजींचं नावच नव्हतं. इंदूताईंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "पद्मा, ती काय चाळणी आहे ती काढ बाई. माणूस गेलंय ते गेलंय, नाव तरी राहू दे." माझ्याकडे त्या दिवशी आणखी तीन साइट पडल्या होत्या. मी दोन तिरप्या रेघा मारल्या. नावं आली. आजींच्या थोरल्या मुलाने मला फोनवर धन्यवाद दिले. नीट उपाय पुढच्या आठवड्यात करू म्हटलं, आणि तात्पुरत्या गोष्टीला आपल्याकडे मरण नसतं.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत मी भोक बुजवलं. ते करायला दीड तास लागला, हेच जास्त लागलं मनाला. कापायचं काही नव्हतंच. लोक जे लिहितील ते जसंच्या तसं ठेवायचं. फक्त पानावर दाखवायच्या वेळी त्या टोकदार चिन्हांना सांगायचं की तुम्ही आता अक्षरं आहात, हुकूम नाही. एवढंच. मग आजींचं नावही दिसतं आणि भामट्याचा हुकूमही बिचारा नुसता मजकूर म्हणून पडून राहतो. शिवाय तो आतला शिक्का पानावरच्या हुकमांच्या हाती लागणार नाही असा ठेवला, सगळ्यांना एकदा बाहेर काढलं आणि पासवर्ड बदलले. पत्तेवाली बाई गेली. मालकांच्या आई परत आल्या.

राहिला होता तो आधी शिरलेला कचरा. आता तो काही करू शकत नव्हता, पण दिसणार होता, आणि मेलेल्या माणसाच्या फोटोखाली तसलं काही दिसून चालणार नव्हतं. उघड दिसणारे शब्द शोधून मी तीन संदेश पकडले. बाकीचे वेष पालटून बसलेले. टोकदार चिन्ह शोधावं, तर ते प्रत्येक श्रद्धांजलीत. पकडलेल्यांतला सगळ्यात जुना फेब्रुवारीतला होता; तेव्हापासूनचे साडेनऊशे संदेश पोटातल्या रूपात डोळ्यांनीच तपासायला हवे होते, आणि तो चिवडा बघून माझं डोकं बधिर झालं.

शुक्रवारी सकाळी इंदूताई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "हे काय, बांदेकर गुरुजींना वाहिलेली आहे की," त्या म्हणाल्या. मी वळून बघितलं. पडद्यावर टोप्या घातलेले स्वर आणि आकडे होते. मी विचारलं, तुम्हाला हे वाचता येतं?

"बावीस वर्षं हेच दाबतोय," त्या म्हणाल्या. "सरक."

मग दिवसभर त्यांनी वाचलं आणि मी काढलं. बोट पडद्यावरून फिरवत त्या तो चिवडा असा वाचत होत्या, जसं काही पोस्टकार्ड वाचताहेत. गुरुजींच्या विद्यार्थ्यांचे संदेश, एका नळजोडणीवाल्याला त्याच्या गिऱ्हाइकांनी लिहिलेले, कुणा नवऱ्याने बायकोला दर सोमवारी लिहिलेली एकच ओळ: 'आज भेंडी केली.' मधेच त्या बोट थांबवायच्या आणि म्हणायच्या, "हे मराठी न्हवं." मी बघायची, आणि तो हुकूम असायचा. एकदाही चुकल्या नाहीत. चार वाजेपर्यंत चौदा निघाले. कामाच्या नादात, आपल्याला मालकांनी दम दिलाय, सोमवारी काय होणार आहे, हे त्या विसरल्यासारख्या दिसत होत्या.

शेवटचे पन्नासेक संदेश उरले असताना त्यांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "ही घाण आत आली ती चाळणी नव्हती म्हणून ना गं? मी तुला काढ म्हटलो होतो, तीच का ती?"

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मी दमले होते. हे कारण नाही, पण खरं आहे.

"नाही, ती वेगळी," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढचा संदेश वाचायला लागल्या.

साडेपाचला शिरगुप्पे सर स्वतः गाडी घेऊन आले. रिपोर्ट छापून आणला होता. दोन परिच्छेद: वापरकर्तीने पासवर्ड उघड्यावर ठेवल्याने अनधिकृत व्यक्तीने प्रवेश केला, कंपनीने तातडीने दुरुस्ती केली. मी जिन्यात उभं राहून त्यांना सगळं सांगितलं, चाळणीसकट. त्यांनी शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. मला पहिल्यांदा कॉम्प्युटर उघडून आत काय असतं ते त्यांनीच दाखवलं होतं. म्हणाले, पासवर्ड कॅलेंडरवर होता की नाही? होता. मग यात खोटं काय आहे? आणि हाच प्लगइन अभिप्राय घ्यायला आपल्या आणखी नऊ साइटवर आहे, तिथे काय सांगत सुटायचं? तिथल्या ओळी तू एकेक करून गुपचूप बदल. मालक आठ दिवसांनी बाईंना परत घेतील, रागाचा माणूस आहे, राग उतरतो.

खाली 'तांत्रिक तपासणी: पद्मजा आवटी' असं छापलेलं होतं. मी जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली. सर तो मालकांच्या केबिनमध्ये ठेवून आले आणि म्हणाले, चल सांगलीला सोडतो. वाटेत त्यांनी मला उसाचा रस पाजला. तो मी प्याले, हेही सांगून टाकते.

घरी जाऊन मी लवकर झोपले आणि झोप लागलीही छान. पण सकाळी उठून दात घासताना ते 'बरं' आठवलं. इंदूताईंचं ते 'बरं'. विश्वास ठेवलेल्या माणसाचं नव्हतं ते. मी सरांना फोन केला नाही, आंघोळ करून साडेआठची एसटी धरली.

मला वाटलं होतं मी सगळ्यांच्या आधी पोचेन. पण मालकांच्या केबिनमध्ये इंदूताई होत्या. इस्त्रीची साडी, हातात डब्याची पिशवी. मालकांपुढे दोन कागद होते. एक आमचा रिपोर्ट, दुसरा जुन्या फॉन्टमध्ये जुळवून छापलेला, सुबक समास सोडलेला.

"बरं झालं आलीस," मालक म्हणाले. "तुझा रिपोर्ट म्हणतोय पासवर्ड. आणि ह्या बाई काय लिहितात बघ." त्यांनी मोठ्याने वाचलं. चार वर्षांपूर्वी संदेश पूर्ण दिसावेत म्हणून वेबसाइटची चाळणी काढायला मी सांगितले. पद्मजाताईंनी माझ्या सांगण्यावरून ती काढली. घाण त्या वाटेने आत आली. सबब चूक माझी असून पद्मजाताईंना दोष लावू नये. आपली, इंदुमती हेरवाडे.

मालकांनी चष्मा काढला. "कोण खरं बोलतंय?"

इंदूताई खिडकीकडे बघत होत्या. माझ्याकडे नाही.

मी उभ्या उभ्याच बोलले. बसायला कुणी सांगितलं नव्हतं आणि बरंच झालं. "पासवर्डचा काही संबंध नाही. ताईंनी तो चव्हाट्यावर लावला असता तरी हे असंच झालं असतं आणि दहा कुलपांत ठेवला असता तरी असंच. रिपोर्टवर सही माझी आहे आणि तो खोटा आहे. मला माहीत असून मी केली." मग इंदूताईंच्या कागदाकडे बोट दाखवलं. "आणि हेही बरोबर नाही. नावं पूर्ण दिसू देत, एवढंच त्यांनी मागितलं होतं. त्यांनी मागितलं ते बरोबर होतं. मी दिलं ते चुकीचं होतं. बरोबर द्यायला दीड तास लागतो. तो मी चार वर्षं काढला नाही."

मालकांनी विचारलं, "म्हणजे पाहुण्यांसमोर माझ्या आईच्या जागी ती बाई आली, ती तुझ्यामुळं."

"हो."

त्यांनी टेबलावरच्या काचेखालच्या आईंच्या फोटोकडे बघितलं. मग इंदूताईंना म्हणाले, जा, कामाला लागा. रविवारच्या पुरवणीचं पान अडलंय. मला म्हणाले, तू पुन्हा या कचेरीत येऊ नकोस, आणि तुझ्या सरांना माझा फोन येईल म्हणून सांग.

फोन गेला. 'पंचधारा'चं काम कंपनीच्या हातचं गेलं आणि सोमवारपासून मी कंपनीत नव्हते. जाण्याआधी उरलेल्या नऊ साइटच्या मालकांना मी एकेक पत्र पाठवलं. काय भोक होतं, कुणी पाडलं आणि कसं बुजवायचं. सर ते कळल्यावर माझ्याशी बोलायचे बंद झाले, ते आजतागायत. मी आता मिरजेत एकटी काम करते. दुसऱ्यांच्या साइटमधली भोकं शोधते, बहुतेक वेळा ती दमलेल्या माणसाने घाईत पाडलेली असतात आणि शेजारी 'तात्पुरते' लिहिलेलं असतं. रागवायला मला जमत नाही. फक्त विचारते, हे कुणी काय मागितलं होतं म्हणून केलंत?

पण त्या शनिवारी केबिनमधून निघाल्यावर मी इंदूताईंच्या टेबलापाशी थांबले होते. त्यांनी डबा खणात ठेवला, चष्मा लावला, रात्रीत आलेले संदेश उघडले. मला वाटलं, त्या आता काहीतरी समजुतीचं बोलतील. मी म्हटलं, ताई, त्या रिपोर्टवर मी सही करायला नको होती.

"सहीचं सोड," त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी होती. माझ्या पोटावर पाय यायला लागल्यावर मी पण केलो असतो." मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "पण मी काल तुला विचारलो होतो, पद्मा. दिवसभर शेजारी बसून. सरळ विचारलो होतो."

मी काही बोलायच्या आधीच त्यांनी पुन्हा विचारलं.

"ती वेगळी होती काय?"

"नाही ताई. तीच होती."

"मग असं म्हणावं," त्या म्हणाल्या. मग परत पडद्याकडे वळल्या. वरचाच संदेश शिरोळहून कुणा पुतण्याने काकाला लिहिलेला होता. त्यांनी तो माऊसने उघडला, आणि मी तिथे उभी आहे हे ठाऊक असल्यासारखा हळू आवाजात शेवटपर्यंत वाचला. भावपूर्ण श्रद्धांजली. एक अक्षर कमी नव्हतं.